मुरमावरचा ब्रेक

सकाळी सहा

परतवारी जवळ आली आहे. आषाढी करून पंढरपुराहून माघारी निघालेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला नामदेवरायांच्या जन्मगावी, म्हणजे आमच्या नरसीला येतात. एकादशीच्या आधीपासूनच गावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर दिंड्या दिसू लागतात. मी शटर वर करतो तेव्हा हिंगोली रस्त्याने एक दिंडी पुढे गेलेली असते आणि टाळांचा आवाज देवळाच्या बाजूने येत असतो.

रात्री पाऊस झाला. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर आणून टाकली आहे. सकाळी माझी नजर आधी त्या मातीवर जाते. निव्वळ चिखल परवडला. हा जो पातळ राड्याचा थर गुळगुळीत डांबरावर बसतो, त्याच्यावर गाडी कशी जाईल याचा भरवसा नसतो. आणि या दिवसांत त्याच कडेने म्हातारी माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, पोरं चालत असतात.

हाताखालचा पोरगा झाडून घेतो, अगरबत्ती लावतो, खड्ड्यातलं पाणी बादलीने उपसतो. गॅरेज मोठं नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक, पिकअपचे क्लच, जुन्या जिपा, हे आमचं रोजचं काम. अलीकडे फोर-बाय-फोर गाड्या वाढल्या आहेत. हायटेन्शन लाइनचे ठेकेदार, खडी केंद्रवाले, हौसेने थार घेतलेले शेतकरी, सगळे येतात. त्यांच्याबरोबर एक नवी मागणीही आली आहे. ‘मिस्तरी, एबीएस बंद करून द्या.’ एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा.

पावणेसात

आज पहिली गाडी तीच घेऊन आली. टॉवर लाइनच्या ठेकेदाराची डबल केबिन पिकअप, फोर-बाय-फोर. टॉवरचं काम टेकडीच्या माथ्यावर चालू आहे आणि वर जायला मुरूम टाकून केलेला कच्चा रस्ता आहे. ड्रायव्हर तरणा, वाशीमकडचा. गाडी बंद करायच्या आधीच बोलायला लागला.

“मिस्तरी, हे एबीएस काढून टाका बरं. उतारावर ब्रेक मारला की खालून टरटर करतं, पायाला झटके बसतात, अन् गाडी थांबतच न्हाई. काल समोर डंपर व्हता. वाचलो.”

“काढायला कोणी सांगितलं?”

“मोबाईलवर पाह्यलं. एक फ्यूज उपसला की झालं म्हणते.”

हा ड्रायव्हर खोटं सांगत नाही हे मला ठाऊक आहे. मोकळ्या मुरमावर एबीएस असलेली गाडी लांब जाऊन थांबते. हे माझ्या अनुभवाचं आहेच, पण मोजूनही झालेलं आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ओलं डांबर, कोरडं डांबर, काँक्रीट अशा बहुतेक सगळ्या पृष्ठांवर एबीएसची गाडी लवकर थांबली. अपवाद एकच निघाला, मोकळी खडी. तिथे थांबायचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं.

तरी फ्यूजला हात लावण्याआधी एक गोष्ट बघावीच लागते. एबीएस त्याच्या स्वभावानं टरटरतंय की बिघाडानं? मी ड्रायव्हरला विचारलं, “गावात, कोरड्या डांबरावर, अगदी थांबता थांबता पायाला झटका लागतो का?” त्याने आठवून सांगितलं, “लागतो कधी कधी. डाव्या अंगाला.”

म्हणजे दोन दुखणी होती आणि तो दोन्हीला एकच नाव देत होता.

सव्वासात

गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले, डावं पुढचं चाक काढलं. आत नकल आणि हबच्या सांध्यात एबीएसचा सेन्सर बसतो. बोटाएवढा काळा तुकडा, एका बोल्टवर धरलेला, मागून वायर निघालेली. चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं. दाते सेन्सरसमोरून जातात तसा सिग्नल बनतो आणि चाक किती वेगाने फिरतंय ते इसीयूला, म्हणजे गाडीतल्या संगणकाला कळतं. चारही चाकांचे आकडे तो सारखा ताडून बघतो. एखादं चाक अचानक मंदावलं तर ते जाम व्हायला लागलं असं धरतो, त्या चाकाचा ब्रेकचा दाब सोडतो आणि परत भरतो. एका सेकंदात असं कित्येकदा होतं. पायाला बसणारे झटके म्हणजे तेच सोडणं आणि भरणं.

पोरगा बोल्ट काढून पक्कड घ्यायला गेला. मी हात धरला. आमच्याकडे सेन्सर मोडतात ते याच पायरीला. काळी माती वाळली की सेन्सर भोकात सिमेंट केल्यासारखा घट्ट धरते. पकडीने पिळला की प्लॅस्टिक मानेतून तुटतं आणि टोक आतच राहतं. आधी गंजाचं तेल सोडायचं, चहा प्यायचा, मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलकं उचकायचं. मान धरायची नाही, बूड धरायचं.

निघाला. टोकाला लोखंडाचा काळा चुरा मिशीसारखा चिकटलेला. डिस्क घासून उडालेला हा चुरा चुंबकाला धरतो. कड्याच्या दात्यांमध्ये माती ठासून भरलेली, दोन-तीन ठिकाणी दात आणि खाच ओळखू येत नव्हती. अशा कड्यावरून कमी वेगात सिग्नल तुटतो. इसीयूला वाटतं चाक थांबलं, आणि चाक बिचारं नीट फिरत असतानाही तो त्याचा ब्रेक सोडतो. कोरड्या डांबरावरचा झटका हा.

पोरगा दात घासायच्या ब्रशने एकेक खाच मोकळी करत बसला. तारेचा ब्रश मी त्याला देत नाही. कड्याला चीर आहे का ते बोटाने फिरवून पाहिलं, नव्हती. जुन्या गाड्यांच्या सेन्सरची तार मल्टिमीटरवर तपासता येते. साधारण एक-दोन हजार ओहम दाखवतो तो बरा. नव्या सेन्सरना मात्र इसीयूकडून वीज मिळते, त्यांना ओहम मोजून काही कळत नाही. ते स्कॅनर लावून, हाताने चाक फिरवून, पडद्यावरचा वेग पाहूनच पारखायचे. हा नव्या जातीचा होता. चाक फिरवलं, आकडा न तुटता आला. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं तेही बदललं. मुरमाच्या उतारावर दिवसभर ब्रेक तापतो, आणि ओल धरलेलं ऑइल उकळलं की पेडल खाली बसतं. तिथे एबीएस असो-नसो, सारखंच.

साडेनऊ

आता मुरमावर. गावाबाहेर टेकडीच्या अंगाला जुनी मुरमाची खदान आहे, तिथे माणसांची ये-जा नसते. ड्रायव्हर शेजारी, पोरगा मागे.

आधी एबीएस चालू ठेवून उतरलो. सपाटीला लागल्यावर तीसच्या वेगात ब्रेक दाबला. टरटर झाली, पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी मुरमावरून पुढे पुढेच गेली. स्टेअरिंग मात्र हातात होतं, वळवली तशी वळली. हे मी ड्रायव्हरला मुद्दाम करून दाखवलं.

मग गाडी बंद केली, किल्ली काढली आणि बॉनेटमधल्या फ्यूज बॉक्सचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतला नकाशा वाचल्याशिवाय तिथे हात घालू नये, कारण प्रत्येक गाडीची मांडणी वेगळी असते. एबीएसचे बहुधा एकाहून जास्त फ्यूज असतात, पंपाच्या मोटरचा मोठा, व्हॉल्व्हचा त्याहून लहान, इसीयूचा सगळ्यात लहान. मी इसीयूचा काढतो. आणि काढण्याआधी गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सावकाश गिअरमध्ये टाकून घेतो. कारण खटक्यावर फोर-बाय-फोर लागणाऱ्या काही गाड्यांमध्ये वेगाचा सिग्नल नसला तर लो पडतच नाही. काहींचा स्पीडोमीटरही झोपतो.

किल्ली फिरवली. मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागला आणि त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही. मोबाईलवरच्या माणसाने लाल दिव्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, ड्रायव्हर म्हणाला. साधा ब्रेक शाबूत असतो. वीज गेली की एबीएसच्या डब्यातले दाब आत घेणारे व्हॉल्व्ह उघडे आणि बाहेर सोडणारे बंद राहतात, म्हणून पायाचा जोर सरळ चाकापर्यंत पोचतो. लाल दिवा वेगळ्या गोष्टीसाठी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी करणारं ईबीडी त्याच डब्यात राहतं, तेही गेलेलं असतं. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि शेपूट पुढे यायला बघतं. जुन्या पिकअपला मागच्या ॲक्सलवर वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असायचा. ईबीडी आल्यावर पुष्कळ गाड्यांतून तो निघून गेला. म्हणजे फ्यूज काढलेली आजची पिकअप ही एबीएस नसलेल्या जुन्या पिकअपपेक्षाही उघडी पडते. स्थिरता सांभाळणारं ईएसपी आणि घसरतं चाक ब्रेकने धरून दुसऱ्याला जोर देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, गाडीत असतील तर तीही त्याच फ्यूजबरोबर झोपतात. चढावर तिरकी अडकलेली गाडी बाहेर काढायला तेच ट्रॅक्शन कंट्रोल कामाला येतं. उतारासाठी फ्यूज काढायचा आणि चढाला तोच हवा, असं होतं.

परत तीसचा वेग, परत ब्रेक. चारही चाकं जाम. गाडी खरडत गेली आणि आधीच्या खुणेच्या बरीच अलीकडे थांबली. ड्रायव्हरचा चेहरा खुलला. मी त्याला खाली उतरवून चाकापुढची जागा दाखवली. वखराच्या पासेपुढे ढेकळं गोळा होतात तसा जाम झालेल्या टायरपुढे मुरमाचा ढीग लागला होता. त्या ढिगाने गाडी अडवली. फिरतं चाक ढिगावर चढून जातं, एबीएस चाकाला फिरतं ठेवतं, म्हणून ढीगच लागत नाही. सगळी भानगड एवढीच आहे.

“मग काढूनच टाका की.”

“बस. आता तीसच्याच वेगात ब्रेक मार आणि डावीकडे वळव.”

त्याने मारला. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे आणि गाडी सरळ. जाम झालेलं चाक वळत नाही. ब्रेक जरा सोडला की लगेच तोंड फिरवते, पण तो पाय सोडायचं धाडस समोर डंपर असताना होत नाही. त्याने तेच तीन-चारदा करून पाहिलं आणि गप्प झाला.

खरं काम त्यानंतर केलं. गाडी माथ्यावर नेली, फोर-लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय खाली, ब्रेकवरूनही खाली. गाडी इंजिनाच्या जोरावर माणसाच्या चालीने उतरली. त्या चालीला एबीएस मध्ये पडत नाही, बहुतेक गाड्यांत ताशी पाच-आठ किलोमीटरच्या खाली ते हात काढून घेतं. ड्रायव्हर आजवर हा उतार दुसऱ्या गिअरमध्ये, टू-व्हीलवर, ब्रेक दाबत उतरत होता. त्याला कोणी लो वापरायला शिकवलंच नव्हतं. फोर-बाय-फोरची गाडी विकताना किल्ली, कागद, हार सगळं देतात. लहान दांडा कशासाठी आहे ते सांगायला एखादा तास द्यायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर थांबून लो टाकायचा. उतारात क्लच दाबायचा नाही. शेपूट आडवं यायला लागलं तर ब्रेक सोडून जरासं ॲक्सिलरेटर द्यायचं, म्हणजे गाडी परत सरळ होते. भीतीच्या अगदी उलटं आहे हे, म्हणून ते पायाला वळण लागेपर्यंत करत राहावं लागतं. आम्ही करत राहिलो.

साडेअकरा

गॅरेजवर आलो तर एक शेतकरी थार घेऊन थांबलेले. वयाने माझ्याहून मोठे, मी त्यांना मामा म्हणतो. शेत कयाधूच्या काठाला, काळीचं. पांदणीतून जाताना गाडी घसरून बांधावर गेली होती. त्यांच्या पुतण्याने सांगितलं की फ्यूज काढून घ्या.

“मामा, तुमच्या मातीला हे लागू न्हाई,” मी म्हटलं.

मुरमावर, खडीवर, कोरड्या वाळूत, बर्फाच्या भुसभुशीत थरावर जाम चाक खणतं आणि ढीग लावतं. ओल्या काळीवर काय होतं ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. माती टायरच्या नक्षीत ठासते, टायर गुळगुळीत होतो, आणि वरचा लगदा खालच्या घट्ट थरावरून सरकतो. जाम चाक तिथे खणत नाही, नुसतं वाहत जातं. एबीएसनेही गाडी लवकर थांबेल असं नाही, पण निदान तोंड हातात राहतं. बांधावर जायचं की पांदणीत राहायचं हे त्या तोंडावर ठरतं. त्यामुळे काळ्या मातीत फ्यूज काढून मिळवायचं काही नाही, गमवायचं मात्र आहे.

मामांना त्यांच्या टायरची हवा आणि नक्षी दाखवली. हवा रस्त्याच्या मापाने गच्च भरलेली होती. पांदणीच्या तोंडाला ती उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. परत डांबरावर यायच्या आधी भरावी लागते, त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवायला सांगितला. मामा म्हणाले, “ते पुतण्याला सांग. मोबाईल त्याच्याकडं असतो.” पुतण्याला संध्याकाळी पाठवतो म्हणाले.

दुपारी एक

भाकरी खात होतो तेवढ्यात नांदेडहून आलेली एक मोठी गाडी दारात थांबली. हजूर साहिबचं दर्शन करून नामदेवांच्या गावी आलेलं पंजाबी कुटुंब. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि पंजाबात घुमानला त्यांचा मोठा मान आहे, त्यामुळे नांदेडहून शीख यात्रेकरू नरसीला येत असतात. मागचं चाक पंक्चर होतं. काम पोरग्याने केलं, मी गाडीत डोकावलो. दांड्याजवळ गोल खटका, त्यावर रेती, चिखल, खडी अशी चित्रं.

त्यांना मी विचारलं, हा खटका कधी वापरता का. सरदारजी म्हणाले, कधीच नाही. मग पोरग्याला बोलावून समजावून सांगितलं, कारण पुढचं काम त्याचं आहे. एबीएसचा हा पेच कंपन्यांना पहिल्यापासून ठाऊक होता. मर्सिडीज आणि बॉश यांनी १९७८ साली एबीएस मोटारीत आणलं. त्यानंतर काहीच वर्षांत ऑडीच्या क्वाट्रोला एबीएस बंद करायचा खटका डॅशबोर्डवरच होता, कारण ती गाडी बर्फात आणि कच्च्या रस्त्यावर पळायची. मर्सिडीजच्या जी-वॅगनमध्ये डिफरन्शिअल लॉक केलं की एबीएस आपोआप बंद होतं. पुढे खटके आले. खडीचं किंवा रेतीचं चित्र निवडलं की एबीएस बंद होत नाही, त्याचा हिशोब बदलतो. चाकाला थोडा वेळ जाम होऊ देतं, ढीग लागू देतं आणि मग सोडतं. ज्यांच्या गाडीत असा खटका आहे त्यांनी फ्यूजच्या वाटेला जाऊच नये.

मोटारसायकलवाल्यांनाही हे मिळालं. रॉयल एन्फिल्डच्या हिमालयनला २०२० पासून मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण आहे. मागच्याच चाकाचं, कारण पुढचं जाम झालं तर तोल जाऊन माणूस पडतो. पोरग्याला त्याच्या मित्राची हिमालयन माहीत होती, हे कारण माहीत नव्हतं.

तीन ते पाच

दोन ट्रॅक्टर, एकाचे ब्रेक लायनर, एकाचं हायड्रॉलिक. एक जुनी महिंद्रा जीप, तिचा मास्टर सिलिंडर गळत होता. विलीजची जीप महिंद्राने आपल्याकडे १९४७ पासून जोडायला घेतली, त्याच घराण्यातली ही. चारही चाकांना ड्रम, वीज कुठेच नाही. हिंगोलीत ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, ते असल्याच जिपा घेऊन डोंगरात जायचे. ब्रेक दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा, चाक जाम होण्याच्या आत. पाय हेच त्यांचं एबीएस होतं. मुरूम आला की तेच पाय दाबून धरायचे, कारण तिथे जाम चाक कामाचं हे त्यांना माहीत होतं. डांबर आलं की परत दाब-सोड. कुठली जमीन आली ते बघून पाय बदलायचा. फ्यूज काढलेल्या गाडीला तो पाय लागतो, आणि तो आज फारच थोड्या ड्रायव्हरांकडे आहे. ही काही त्यांची चूक नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीला एबीएस सक्तीचं झालं. त्यानंतर गाडी शिकलेल्या पोराने जाम चाकावरची गाडी चालवलेलीच नसते. त्याला शिकवलंय ते एकच, ब्रेक दाबून धर आणि वळव.

साडेपाच

पिकअप टेकडीवरून परत आली. सकाळी ती जाताना मी फ्यूज ड्रायव्हरच्या हातात दिला नव्हता, स्टेअरिंगला लाल चिंधीने बांधून दिला होता. माझ्याकडून कोणाचाही एबीएसचा फ्यूज निघाला तर तो असाच जातो. खिशात ठेवला की विसरतो. लाल चिंधी हाताला लागत राहते. आणि एकच अट घातली होती, मुरूम संपून डांबर लागतं तिथे गाडी बंद करायची, फ्यूज बसवायचा, दोन्ही दिवे विझले का ते बघायचं, मगच नरसीकडे वळायचं.

त्याने बसवला होता. चिंधी रिकामी होती. मी किल्ली फिरवून दिवे पाहिले, दोन्ही लागून विझले. स्कॅनर लावला. सकाळचा कोड जुना म्हणून साठलेला होता, तो पुसला, नवा आला नाही.

“कितीदा काढला?”

“काढलाच न्हाई मिस्तरी,” तो म्हणाला. “तुमी बांधून दिला तसा न्हेला, वर जायच्या आधीच बसवला. लोमध्ये उतरलो ना, ब्रेकवर पायच पडला न्हाई.”

आनंद झाला, लपवला नाही. पोरग्याला चहा सांगायला पाठवलं. ड्रायव्हर पुढे म्हणाला की येताना रस्त्यावर मोठी दिंडी होती, त्यांच्यामागे हळू आला. एक म्हातारी एकदम रस्ता ओलांडायला लागली, राड्यावर ब्रेक दाबला तर टरटर झाली आणि गाडी जागेवर राहिली, तोंडही वळलं. म्हातारीने हात जोडले आणि गेली. हे त्याने साधेपणाने सांगितलं. मला त्या राड्यावर चाकं जाम झालेली रिकामी पिकअप डोळ्यांपुढे आली आणि पोटात गोळा आला.

साडेसहा

ठेकेदारांचा फोन आला. ड्रायव्हरने त्यांना सकाळची मुरमावरची करामत सांगितली होती, एबीएस बंद केल्यावर गाडी किती लवकर थांबते ते.

“मिस्तरी, आपल्या चारही गाड्यांना खटकाच बसवून द्या ना. फ्यूज काढत बसायला नको. पैसे काय ते सांगा.”

“खटका बसवणार नाही साहेब.”

कारणं सांगितली. खटका असला की तो बंदच राहतो, ड्रायव्हर बदलतो, रात्र होते, घाई असते, कोणी परत चालू करत नाही. सुरक्षेचा भाग कायमचा तोडून दिलेली गाडी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, मूळ रचना बदलल्याचा मामला होऊ शकतो. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस वायरिंग उघडून बघतो. आणि या रस्त्यावर आठवडाभर माणसं चालत असणार आहेत. शेवटचं कारण त्यांना पटलं. ते स्वतः दरवर्षी परतवारीला येतात.

“मग उतारावर काय करू? काम थांबवता येत न्हाई.”

मी सांगितलं, चारही ड्रायव्हरांना एक सकाळ माझ्याकडे पाठवा, खदानीत उतरवून दाखवतो, त्याचे पैसे नकोत. उतारावर ताशी दहाच्या वर जायचं नाही असा दंडक घाला. रस्त्याच्या सगळ्यात वाईट वळणाला मुरूम दाबून घ्या, रोलर तुमच्याकडेच आहे. मोकळा मुरूम दाबला की एबीएस परत कामाला लागतं. आणि टायर बदला. या पिकअपचे पुढचे दोन पार गुळगुळीत झालेत.

“दोन टाकून द्या मग.”

“फोर-बाय-फोरला दोन टाकता येत नाहीत साहेब. नवा टायर मोठा, जुना झिजून लहान. पुढचे आणि मागचे वेगवेगळ्या मापाचे झाले की फोर व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस ओढाओढीत मरतो. चारही टाका, एका मापाचे, मड टेरेन नको, ऑल टेरेन. या गाड्या निम्मा वेळ डांबरावर असतात.”

पलीकडून हिशोब मांडल्याचा आवाज आला. चार गाड्या, सोळा टायर.

“आधी या एका गाडीचे चार टाका,” ते म्हणाले. “बाकीच्यांचं एकादशी झाल्यावर बोलू. अन् ड्रायव्हरांना परवा सकाळी पाठवतो. किती वाजता?”

“सहाला. रस्त्यावर दिंड्यांची गर्दी वाढायच्या आधी खदानीत पोचलं पाहिजे.”

मामांचा पुतण्या तेवढ्यात आला होता, मोबाईल हातात. त्यालाही परवाच सहाला यायला सांगितलं, थार घेऊन, आणि हवेचा पंप घेऊन.